जाड चाकांचा हिवाळा

डिसेंबर लागला आणि पेपरातून एक गुळगुळीत कागद घरंगळून माझ्या चहाच्या बशीत पडला. झटकून पाहिलं, तर त्यावर नत्थू. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हँडलला ॲल्युमिनियमचा डबा, खाली चोवीस इंची काळी सायकल, आणि चेहऱ्यावर त्याचं ते भोळं हसू. हे हसू पाहूनच पोलाद कारखान्यात मिलमधले सगळे फोरमन जास्तीचं काम त्यालाच सांगायचे. खाली रोमन अक्षरांत हिंदी मजकूर होता: ठंड में मस्ती, ट्रेल से दोस्ती. फॅट बाइक विंटर रेस, वर्ष दुसरं. जमलेली सगळी रक्कम ट्रेलच्या विकासासाठी. नत्थूचं नाव कुठंच नव्हतं. फोटो छापण्याआधी त्याला कुणी विचारलंही नसणार. विचारलं असतं तर तो ‘छापा ना बाप्पा’ म्हणाला असता, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो.

भिलाईची थंडी ती केवढी! दिवाळीनंतर धान कापून होतं, पेंढ्याचा वास हायवेपर्यंत येतो, सकाळी तलावावर धुकं बसतं आणि दहा वाजले की माणूस स्वेटर काढून खांद्यावर टाकतो. संपली थंडी. एवढ्या थंडीसाठी बर्फावर चालवायच्या सायकली आणून शर्यत लावायची, ही अक्कल फक्त पैसेवाल्या नेहरू नगरात उगवू शकते. मी स्वतः तिथंच राहतो, म्हणून हक्कानं बोलतो. फॅट बाइकचं चाक कुणी पाहिलं नसेल तर सांगतो: चाक कसलं, लोडच तो. थंड मुलखात बर्फात रुतू नये म्हणून त्याला तसं जाड केलेलं असतं. आमच्याकडे तेच चाक कोचिंग क्लासपुढच्या स्पीडब्रेकरवर आपटत, घुर्र घुर्र करत ब्रेड आणायला जातं, आणि त्यावर बसलेला माणूस हिमालय उतरून आल्यासारखा घाम पुसतो.

आमच्या वेळची थंडी मोठी होती असं मी म्हणणार नाही. थंडी तेवढीच होती, कपडे कमी होते. मी आणि नत्थू मेश्राम, दोघंही भंडाऱ्याकडचे, दोघंही मिलमध्ये फिटर, दोघंही तेव्हा भिलाई-3 या वस्तीत राहायचो. सकाळची पाळी असली की पाचला निघायचं. स्वेटरच्या आत छातीवर जुना पेपर घालायचा; वारा त्यानं अडतो. हँडल इतकं गार की एक हात खिशात, एक हँडलवर, मग अदलाबदल. तलावाची पाळ, म्हणजे बांध, धरायची. पाळीखालच्या बांध्यांत धान निघाल्यावर तिवरा माजलेला असायचा. आमच्याकडे त्याला लाखोळी म्हणतात. पायवाटेवर झुकलेल्या त्याच्या शेंड्यांनी पँट गुडघ्यापर्यंत भिजायची. धुक्यात कोळशाचा कडवट वास मिसळलेला असायचा, पुढं कुणीतरी खोकत सायकल मारत असायचं, तो दिसायचा नाही, फक्त त्याच्या चेनचा कुरकुर आवाज पुढं पुढं जायचा. मग नाला यायचा. नाल्यावर पूल नव्हता. सायकल खांद्यावर घेऊन दगडांवर पाय देत पलीकडे जायचं आणि कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं गेट गाठायचं. हायवेनं गेलं तर अर्धा तास जास्त, वर ट्रकांची धास्ती.

एका पौषात माझा पाय त्या दगडावरून सटकला. घोटा जागच्या जागी सुजला. नत्थूनं आधी मला पाठीवर घेऊन पलीकडे नेलं, मग माझी सायकल, मग स्वतःची. तीन खेपा त्या गार पाण्यातून. त्याची अर्धी हजेरी कापली गेली. त्यानं ती गोष्ट नंतर कधी काढली नाही. मीही काढली नाही; काढली असती तर आभार मानावे लागले असते.

या वाटेला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं. तिला ‘ट्रेल’ म्हणतात हे मला गेल्या वर्षी डॉक्टर समीरनं सांगितलं.

समीर माझा शेजारी, दातांचा डॉक्टर. वडील नागपूरकडचे, रेल्वेत होते. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, अशी त्याची भाषा, आणि मधल्या पायरीवर उभा राहून तो दोन्ही एकदम बोलतो. गेल्या वर्षी असाच हिवाळा लागताना तो आला. “काका, तुम्ही तो सगळे पुराने रस्ते जानते हो ना? आम्हाले एक ट्रेल पाहिजे. नॅचरल. एकदम रॉ.”

रॉ म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी कानटोपी घातली आणि त्याच्या गाडीत जाऊन बसलो. इतरांना नावं ठेवण्याआधी हे सांगून टाकतो, की ती वाट त्यांना मी दाखवली.

पाळीवर समोरून नत्थू आला. नाल्यापलीकडे त्याची भाजीची बाडी आहे, तिथून मुळ्याच्या जुड्या कॅरिअरला बांधून. समीर हरखला. “वॉव अंकल! ही सायकल अजून चालवता तुम्ही?”

“नाल्यापाशी खांद्यावर घेतो,” नत्थू म्हणाला, “बाकी चालवतो.”

समीरनं त्याचे दहा-बारा फोटो काढले, पाठीवर हात ठेवला, आणि तिथंच त्याला शर्यतीचं आमंत्रण दिलं. स्पेशल एंट्री. शर्यत तशी गमतीचीच आहे, सगळे सोंगं घेऊन येणार आहेत, तुम्ही फक्त तुमचे ड्यूटीचे कपडे घालून या. नत्थू हो म्हणाला. मी तलावात दगड मारत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात सिगडी पेटलेली, त्याची बायको सुशीलावहिनी तिवऱ्याची भाजी निवडत बसलेली. मी चहाला नाही म्हटलं आणि सरळ मुद्द्यावर आलो.

“नत्थ्या, तू जाऊ नको. ते लोक तुले माकड बनवून राहिले.”

“बनवू दे ना. पैसे कायच्यासाठी गोळा करून राहिले ते?”

“ट्रेलसाठी.”

“म्हंजे आपल्याच पायवाटेसाठी ना?”

“हो.”

“मंग नाल्यावर पूल मागाले काय जाते?” तो पुढं सरकून बसला. “पावसाळ्यात ठेक्याच्या कामावर जाणारी एक बाई पडली तिथं, सायकलसकट. मीच काढलं तिले. हात मोडला, महिनाभर काम गेलं. रोज किती बाया जातात तिथून, तुले मालूम हाय का? तू आता पायतच कुठं. शर्यत झाली का माइक देतेत. माइक भेटला का मी सांगतो, बाकी काई करू नका, नाल्यावर पूल बांधा. एवढ्यासाठीच चाललो मी.”

“ते नाई बांधत.”

“तुले कसं मालूम?”

“मले मालूम हाय.”

सुशीलावहिनी मान वर न करता म्हणाली, “भाऊजी, तुम्ही त बाप्पा आमच्या वरातीतबी बँडवाल्याले नावं ठेवली होती.”

ते खरं होतं. तो बँड भिकार होता.

शर्यतीचा रविवार जानेवारीत आला. तलावाच्या काठी मांडव, मांडवात स्पीकर, स्पीकरपुढं पोहे-जिलेबी. धुकं होतं तोवर सगळं झाकलेलं होतं, नऊच्या सुमारास ते उठलं आणि दिसू नये ते दिसलं. एक जण केळं होऊन आला होता. एक जण सेहरा बांधून नवरदेव. एकानं लाल लोकरीचा झगा आणि पांढरी दाढी लावली होती, उन्हं चढताच त्याच्या दाढीतून घाम ठिबकायला लागला. दोन बायका फुलपाखरू झाल्या होत्या, पंख पाळीवरच्या बाभळीत अडकत होते. माझ्या ओळखीचे एक सोन्याचे व्यापारी वाघाच्या पट्ट्यांचे कपडे घालून त्या लोडाच्या चाकांवर डुगडुगत होते, आणि त्यांची पत्नी ‘कम ऑन टायगर’ ओरडत होती. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि ती किळस मला आवडली. ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला तेवढं उबेला पुरतं.

नत्थू इस्त्रीच्या शर्टात आला होता. गळ्यात मफलर, पँटला क्लिपा. कुणीतरी पिवळं हेल्मेट आणि रिकामा डबा आणून दिला. मला वाटलं आता तरी चिडेल. त्यानं हेल्मेटचा पट्टा नीट ओढून बसवला आणि मला म्हणाला, “साजरं हाय. डोस्कं वाचते.”

पाळीवरून जायचं, नाला पार करायचा, भिंतीपाशी लावलेल्या झेंड्याला वळसा घालून परत यायचं. शिट्टी वाजली. रेतीत आणि भुसभुशीत मातीत जाड चाकं बरी चालली, हे कबूल करतो. पण नाल्यापाशी सगळा थाट थांबला. तो नालाच त्यांना हवा होता. केळं चिखलात बसलं, नवरदेवानं त्यावर चिखल उडवला, फुलपाखरं किंचाळली, कॅमेरे जमले. कुणाला पलीकडे जायची घाईच नव्हती. नत्थूनं सायकल खांद्यावर घेतली, ‘जरा जाऊ द्या जी’ म्हणत त्यांच्यामधून वाट काढली, दगडांवर पाय देत पलीकडे गेला, झेंड्याला वळसा घातला, तसाच परत आला आणि पाळीवर टांग मारली. तीस-पस्तीस वर्षं ज्या वाटेवर पाय चालले ती वाट त्याला बघावीही लागत नव्हती. पासष्टीचा माणूस, मागं कुणीच नाही, आणि तो एकटा आरामात येतोय. माझा ऊर भरून आला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवाय कुणीच वाजवल्या नाहीत, कारण रिबन अजून बांधायची होती.

निवेदन करणारी मुलगी धावत आली. “अंकल, अंकल, एक बार फिर से आइए ना. वहाँ पेड़ के पास से. अभी चीफ गेस्ट नहीं आए हैं.”

नत्थू मागं गेला. झाडापाशी सायकल धरून उभा राहिला. पाहुणे आले, रिबन बांधली गेली, चिखलानं माखलेली वरात आली, आणि वाघानं रिबन तोडली. नत्थू त्यांच्या मागून आला. त्याला झाडापाशी कुणी इशाराच केला नव्हता.

बक्षिसं झाली. वाघाला चषक मिळाला. शेवटी नत्थूला मंचावर बोलावून एक काचेसारखं प्लॅस्टिकचं चिन्ह दिलं आणि त्या मुलीनं माइक पुढं केला. “अंकल, दो शब्द!”

नत्थूनं माइक हातात घेतला. समोर केळं, फुलपाखरं, मोबाईल वर धरलेले हात. त्यानं घसा साफ केला, तो आवाज स्पीकरमधून मोठा होऊन आला, आणि तो दचकला. ओठ हलले. शब्द आला नाही. मग त्यानं गर्दीत मला शोधलं. मी पुढून दुसऱ्या रांगेत होतो. त्याला काय बोलायचं आहे हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. दोन पावलं पुढं जाऊन ‘नाल्यावर पूल पाहिजे म्हणतात ते’ एवढंच मी म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही. इतक्या लोकांसमोर लाज वाटली म्हणून नाही. मला त्या क्षणी आनंद झाला होता. मी सांगितलं होतं ना, माकड बनवतील, बनवलं. मी सांगितलं होतं ना, काही होणार नाही, होत नव्हतं. माझं बरोबर ठरत होतं, आणि त्या बरोबर ठरण्यात मी इतका गुंग होतो की त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्या वाघाचा, त्या केळ्याचा मी किती तिरस्कार केला ते सांगितलंच आहे. त्या मांडवातल्या सगळ्यात हलक्या माणसाला मात्र सोंग घ्यायची गरजच पडली नव्हती.

“थँक यू अंकल! सो स्वीट!” मुलीनं माइक काढून घेतला.

परतीला तो सायकल हातात धरून चालला, मी बाजूनं. पाळ संपली. मग म्हणाला, “वसंता, तुले मालूम होतं ना, मले काय सांगाचं होतं?”

“हो.”

“मंग कावून नाई बोलला?”

मी काहीतरी पुटपुटलो. त्यानं ते ऐकून घेतलं, टांग मारली आणि निघून गेला.

त्यानंतर हिवाळा सरला, मोह फुलला, उन्हाळा आला, आमचं बोलणं बंद. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

ट्रेल मात्र झाली. पाळीवर दुतर्फा चुना फासलेले दगड, झाडांच्या नावांच्या इंग्रजी पाट्या, फोटो काढायला बदामाच्या आकाराचा लोखंडी झोपाळा. चिंचेखाली पाटी कडुनिंबाची होती. नाला होता तसाच. तेवढ्यात माझी दाढ दुखायला लागली आणि मी समीरच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसता बसता विचारलं, “ते सगळं केलं, तर नाल्यावर पूल का नाही केला?”

त्यानं माझ्या तोंडात कापूस भरला, आरसा घातला आणि मग उत्तर दिलं. “काका, नाला तो आपली रेसची जान आहे! मड क्रॉसिंग. रायपूरहून लोक त्याच्यासाठीच येतात. पूल बांधला तो मज़ाच खत्म.”

मी ‘बाया पडतात तिथं’ असं म्हणालो. तोंडातून फक्त ‘आ आ आ’ आलं.

“दुखतंय? बस, हो गया,” समीर प्रेमानं म्हणाला. वाईट माणूस नाही तो. दाढ उत्तम काढली. वाईट असता तर मला त्याचा एवढा राग आला नसता.

आणि आता हा कागद. नत्थूच्या फोटोमागं तोच नाला, तोच चिखल, त्यात लोळणारे तेच लोक. मी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि तसाच भिलाई-3 ला गेलो. नत्थू अंगणात सायकलचं चाक उलटं करून स्पोक आवळत होता. मी बसलो नाही.

“त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं,” मी म्हटलं.

“हो,” तो म्हणाला. पान्याचा आवाज चालूच.

“पुलाले दोन लोखंडी चॅनेल लागतीन. अन् वर चालाले चेकर प्लेट. पंधरा फूट होईन ना नाला?”

“सोळा,” तो म्हणाला. “मी मापला हाय.”

आठवडाभर आम्ही कबाड्यांच्या दुकानांतून फिरलो. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेले आमचे गुडघे आणि काल ड्यूटीवरून आल्यासारखी आमची भांडणं: हे चॅनेल वाकलेलं आहे, ती प्लेट गंजलेली आहे. गंजलेली प्लेट त्यानं नखानं खरवडून पाहिली आणि ठेवून दिली. आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या, नाल्याच्या दोन्ही काठांना सिमेंटचे ओटे घातले. त्या आठवड्यात नत्थू माझ्याशी बोलला, पण फक्त कामाचं. धर. सोड. लेव्हल पाय. डावीकडं घे. मी तेवढ्यावरही खूश होतो. सगळा सांगाडा ठेल्यावर घालून पाळीवर आणला, पण तो उचलून बसवणं दोन म्हाताऱ्यांच्या हातातलं नव्हतं. सकाळच्या ड्यूटीला जाणाऱ्यांनी सायकली आडव्या टाकल्या, काही बायकांनी पदर खोचले, आणि दहा-बारा जणांनी हेऽऽ म्हणत तो ओट्यांवर ठेवला. गेट बंद होईल म्हणून सगळे लगेच निघून गेले. कुणी फोटो काढला नाही.

संध्याकाळी समीर आला. पुलाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“काका, हे काय केलं तुम्ही? एक बार पूछ तो लेते. आता मडमध्ये फोटो कसे येणार?”

“खाली उतरा,” मी म्हटलं. “चिखल कुठं पळाला नाही.”

नत्थू नट आवळता आवळता हसला. माझ्याकडे पाहून नाही, नटाकडे पाहून. पण हसला.

बोल्टांभोवतीचं सिमेंट दोन दिवस सुकू दिलं. तिसऱ्या सकाळी आम्ही दोघं लवकर गेलो, आपलं काम बघायला. धुकं दाट होतं. पुलाच्या तोंडाशी उभं राहून मी प्लेटवर बूट आपटून पाहिला, नत्थूनं वाकून लेव्हल पाहिली. आता इथं एक कठडा पाहिजे, मी म्हटलं. कठडा नको, हँडल अडकते, तो म्हणाला. आमचा वाद चांगला रंगात आला होता, अंगातली थंडीही गेली होती, तोच मागून घंटी वाजली. एकदा, मग जोरात.

धुक्यातून एक बाई सायकलवर आली. अंगात पुरुषी स्वेटर, हँडलला डब्याची पिशवी, कानाशी रुमालात खोचलेला फोन. फोनवर ती कुणाला तरी भाजीत मीठ कमी घाल म्हणून सांगत होती. आम्ही वाटेच्या बरोबर मध्ये उभे होतो.

“ए बबा, थोरकिन घुच न!” ती आमच्यावर छत्तीसगढीत खेकसली, जरा सरका म्हणून. “काम म देरी होवत हे.”

आम्ही दोघं एकदम बाजूला सरलो. ती सायकलवरून न उतरता, मिठाचं बोलणं न तोडता, खडखडत पलीकडे गेली. खाली तिनं पाहिलंसुद्धा नाही.